अष्टमीचं पाणी

आवडाबाईवर चार पानं लिहून द्या, असं आमच्या खाडी समितीने सांगितलं आणि माझ्या कपाळाला आठी पडली. बाई जाऊन वर्ष झालं, समितीच्या दहा वर्षांची स्मरणिका निघतेय, तरी पहिलं नाव तिचंच. आणि लिहायला कोण? नीलाताई. लिहायला नेहमी मीच.

तर लिहिते. ठाण्याच्या कोळीवाड्यात जन्मली, तिथेच लग्न झालं, तिथेच म्हातारी झाली. नवरा शिवराम खाडीत जाळं टाकायचा, ही नौपाड्यात आमच्या बिल्डिंगसमोर माशांची पाटी घेऊन बसायची. आवाज असा खणखणीत की तिसऱ्या मजल्यावर माझी वह्या तपासायची पंचाईत. शाळा नाही, सही नाही, पण कुणापुढे कधी अवघडलेली मी तिला पाहिली नाही. मला तेव्हाही तिचा राग यायचा.

अठ्ठ्याऐंशी साली खाडीतले मासे मरून वर आले. काठच्या कारखान्यांचं पाणी, दुसरं काय. गुरुदत्त डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही दहा-बाराजणांनी समिती काढली. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून पाण्याचे नमुने माझ्याकडे आले. रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून दर रविवारी सकाळी दहाला मी बाटल्या घेऊन धक्क्यावर. दोन वर्षं एक रविवार चुकवला नाही. तक्ते, फायली, इंग्रजी पत्रं, सगळं मी केलं.

आमच्या तक्रारीच्या सरकारी सुनावणीत कारखान्याच्या माणसाने माझाच तक्ता वाचून दाखवला. एका रविवारी पाणी घाण, पुढच्या रविवारी बरं, त्याच्या पुढच्या रविवारी परत घाण. "मॅडम, तुमचं खाडीशी भांडण आहे की बाटलीशी?" तो म्हणाला. अख्खी खोली हसली.

बाहेर जिन्यावर आवडाबाईने मला गाठलं. कोळीवाड्यातल्या बायकांबरोबर तीही आली होती.

"बाय, खाडीला रविवार कुठं कळतो? एका रविवारी तू भरतीचं पाणी भरलंस, दुसऱ्या रविवारी ओहोटीचं. भरती चढली की घाण झाकते. अष्टमीला भर, दुपारी बाराला. दर अष्टमीला त्या टायमाला पाणी उतरलेलंच गावेल."

वीस वर्षं मी भरती-ओहोटी शिकवत होते. फळ्यावर चंद्र काढायचे, पृथ्वी काढायचे, बाण काढायचे. आणि धक्क्यावर जाताना भिंतीवरचं कॅलेंडर बघून जायचे. कोळणीच्या पोरालासुद्धा जे कळतं ते मला कळलं नव्हतं. मी तिला थँक्यू म्हटलं नाही.

पुढे वर्षभर महिन्यातल्या दोन्ही अष्टम्यांना नमुने घेतले. तक्ता सरळ आला, दर वेळी सारखाच घाण. कारखानेवाल्यांची बोलती बंद झाली, नोटिसा निघाल्या. मी इंग्रजीत अहवाल लिहिला आणि प्रामाणिकपणाचा झटका येऊन त्यात एक ओळ घातली: तिथीप्रमाणे मोजण्याची सूचना आवडाबाई या मच्छीमार महिलेची. तेवढी एक ओळ मला नडली.

ब्याण्णव साली ब्राझीलमध्ये पर्यावरणावर सगळ्या देशांची परिषद भरणार होती. शेजारीच जगभरच्या लहानमोठ्या संस्थांचा मेळावा होता, आपापल्या नद्या-जंगलांची गाऱ्हाणी मांडायला. आमचा अहवाल वाचून तिथून समितीला पत्र आलं, म्हणजे माझ्या घरी, कारण चिटणीस मी. एकच जागा होती. आवडाबाईंनी यावं. त्यांना जमत नसेल तरच चिटणीसांनी.

मिरची झोंबली मला. खोटं कशाला बोलू? चार वर्षं मी झिजले आणि जगाला हवी ती. पत्र मी अकरा दिवस कपाटात साड्यांखाली ठेवलं. बाराव्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं आणि म्हटलं, "मी विचारलं हो तिला. घाबरली बिचारी. विमान म्हणताच नको म्हणाली."

मी तिला विचारलं नव्हतं. पण डॉक्टरांना लगेच पटलं, समितीलाही पटलं. कोळीण ती, कशाला जातेय परदेशी? कुणीही खाली उतरून तिला विचारलं नाही.

मी गेले. दहा मिनिटं बोलले. लांबच्या कुठल्याशा देशातली एक मच्छीमार बाई दुभाष्याला घेऊन आली, माझे हात हातात घेऊन म्हणाली, आम्हीही चंद्रावरूनच मोजतो, तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं.

परत आल्यावर खाली मासे घ्यायला गेले. आवडाबाई बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "डाक्टर सांगत होते, मी विमानाला घाबरले."

मी पिशवी उघडून धरली.

"मी 'नाही'च बोलले असते, बाय. सुनेचे दिवस भरत आलेले. पण तू विचारायला हवं होतंस. एवढ्या लांबून बोलावणं आलं आणि मी 'नाही' बोलले, हे मी वाड्यात मरेपर्यंत सांगितलं असतं."

तिने बोंबील माझ्या पिशवीत घातले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढे पाच वर्षं ती तिथेच बसत होती. मी माफी मागितली नाही. तिच्या जागी मी असते तर नौपाडाभर बोंब मारली असती. तिने माझं खोटं डॉक्टरांना सांगितलं नाही, वाड्यात सांगितलं नाही, घरी सुनेलासुद्धा सांगितलं नाही. मला तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटतो.