बुर्को, स्कंक आणि बाहेर उघडणारं दार

कॅनडात कानोरा गावाच्या उत्तरेला, जिथे सास्कॅचवान प्रांताचे गव्हाचे पट्टे संपून झुडपं सुरू होतात, तिथे बर्फात कोणी अडकलं की तोंडात पहिलं नाव यायचं नेस्टर पिद्स्काल्नीचं. देवाचा नंबर त्याच्यानंतर. उगीच नाही म्हणत. माणसाने उमेदीची सगळी वर्षं ग्रेडरवर घालवली. ग्रेडर म्हणजे रस्त्यावरचा बर्फ खरवडणारं ते पिवळं धूड. अंधारातच थर्मास काखोटीला मारून हा निघायचा, आणि उजाडेपर्यंत कुठल्या तरी बाळंतिणीच्या दारापर्यंत रस्ता झालेला असायचा. एकदा तर एक अख्खं लग्न शाळेत अडकून पडलं होतं, नवरी, वाजंत्री, कोबीचे भरलेले डबे, सगळं. नेस्टर ग्रेडर घेऊन पुढे, आणि मागून वऱ्हाडाच्या गाड्या. वाजंत्र्यांनी काचा खाली करून चर्चपर्यंत वाजवत नेलं! नवऱ्याचं नाव आज कोणाला आठवत नाही, ग्रेडर मात्र सगळ्यांना आठवतो.

पण एक खोड होती. अडकलेल्यांना तो हसायचा. "दोन दिवस घरात बसलात तर झिजलात का रे? बायको होती, बटाटे होते. आणखी काय पाहिजे?" आणि रस्ते उघडायचा त्याचा एक क्रम होता. आधी शाळेच्या बसचा रस्ता, मग दुधाचा, मग आजाऱ्यांचा. धडधाकट म्हातारे सगळ्यात शेवटी. "त्यांना कुठे जायचंय?" म्हणायचा.

दुसरी खोड त्याहून मोठी. तोंडातून गेलेला शब्द परत घेणं त्याला कधी जमलं नाही.

असा हा नेस्टर निवृत्त होऊन घरी बसला. घरात बायको लेसिया आणि बुर्को नावाचं एक काळं कुत्रं. बुर्को ग्रेडरच्या केबिनमध्येच वाढला, नेस्टरच्या सीटमागे. आता दोघेही म्हातारे झालेले. कुत्र्याला ऐकू कमी, दिसायला बेताचं, मागचे पाय आखडलेले. थंडीत बाहेर एक रात्र राहिला असता तर सकाळी उठला नसता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता झालं असं. फेब्रुवारीत एकदम ऊन पडलं, छपरं गळायला लागली, आणि जमिनीखाली झोपलेले स्कंक जोडीदार शोधायला बाहेर निघाले. मांजराएवढं जनावर, पाठीवर पांढरे पट्टे, चालणं असं की जणू जहागीरदार फिरायला निघालाय. कोणाला घाबरत नाही, कारण शेपटीखाली त्याचं हत्यार असतं. शहाणं कुत्रं लांबून वळसा घालतं. पण बुर्कोला अर्धवट दिसायचं. तिन्हीसांजेला लाकडांच्या ढिगाशी त्याला काहीतरी हललेलं दिसलं, आणि बिचारा ओळख करून घ्यायला गेला.

नेस्टरला आधी वास आला, मग कुत्रं दिसलं. डोळे मिटलेले, तोंडाला फेस, नाक बर्फात घासत गोल गोल फिरत होतं. जळलेलं रबर, सडलेला लसूण आणि वर गंधकाची फोडणी, असा तो वास. घशात उतरतो आणि तिथेच बिऱ्हाड करतो. म्हाताऱ्याचा जीव कळवळला. काही विचार न करता त्याने बुर्कोला उचललं आणि मागच्या दाराने थेट तळघरात नेऊन भट्टीशेजारी ठेवलं. ऊब मिळेल म्हणून.

इथेच चुकलं. त्या घरांना गरम ठेवणारी भट्टी तळघरात असते. ती तिथलीच हवा ओढते, तापवते आणि जाळ्याजाळ्यांतून घरभर सोडते. खिडक्यांना हिवाळ्यापुरतं प्लॅस्टिक ताणून चिकटवलेलं. एक फट म्हणून नाही. भट्टी घुर्र करून चालू झाली, आणि स्कंक बैठकीत आला, झोपायच्या खोलीत आला, साखरेच्या डब्यात आला.

आणि त्या दिवशी बैठकीत काय होतं? चर्चची सगळी वेदीवस्त्रं! लाल-काळ्या भरतकामाचे लांब रुमाल, पाद्रीबाबांचा झगा, गायकांचे सदरे. गावातल्या बायकांनी ईस्टरच्या आधी दुरुस्तीला लेसियाकडे दिलेले. तिची बोटं त्या कामासाठी नावाजलेली.

लेसिया हातात सुई तशीच धरून तळघराच्या जिन्यावर उभी राहिली.

"नेस्टर. खाली काय मेलंय?"

"मेलं नाही. बुर्को आहे."

"भट्टीजवळ? अरे म्हाताऱ्या, डोक्यात बर्फ भरलाय का तुझ्या? अख्ख्या चर्चला वास देणारेस? पाद्रीबाबा धूप फिरवतील आणि लोक म्हणतील, धूप कसला, स्कंक जाळताहेत!"

"मग काय करू? बाहेर टाकू? मरेल तो."

"मी मरायचं सांगितलं का? पण या घरात तो नको. वास जाईपर्यंत नको."

"तो नको, तर मीही नको!" नेस्टर म्हणाला.

झालं. शब्द गेला. म्हणताक्षणी त्याला वाटलं, थोडं जास्तच झालं. पण लेसिया म्हणाली, "जा की. अडवलंय कोणी?" मग काय, जावंच लागलं.

अंगणापलीकडे उन्हाळी स्वयंपाकघर होतं. उन्हाळ्यात घर तापू नये म्हणून स्वयंपाक तिकडे करायचा, हिवाळ्यात ते बंद. एक खोली, लाकडाची चूल, बाक, कपडे धुवायचा जुना टब. नेस्टरने एका काखेत कुत्रं घेतलं, दुसऱ्या हातात टोमॅटोच्या रसाच्या बरण्यांची पिशवी. स्कंकवर टोमॅटो, हे तिकडे प्रत्येकाचा आजा सांगून गेलेला. तो दार ओढून आत बसला तेव्हा वारा उत्तरेचा झाला होता आणि बर्फ उडायला लागला होता.

रसाने त्याने बुर्कोला चोळचोळून अंघोळ घातली. अर्धा तास वाटलं, जमलं. मग नाक सरावलं होतं ते शुद्धीवर आलं. वास होता तिथेच होता, वर टोमॅटो! स्कंकचं बोर्श्त, तिकडचं ते लालभडक सूप, दुसरं काय. कुत्रं ओलंचिंब, म्हणून चूल पेटवली. खोली तापली की वास उठायचा, डोळ्यांतून पाणी. चूल मंद केली की बुर्को थडथडायचा. पुन्हा लाकूड, पुन्हा वास. बाहेर वाऱ्याने भिंतीला खांदा लावलेला. म्हातारा बाकावर, कुत्रं त्याच्या कोटात, आणि दोघांचीही नाकं बाहीत.

उजाडलं तेव्हा वारा पडला होता. नेस्टरने ठरवलं, लेसिया उठायच्या आत घरात जायचं, कॉफी ठेवायची, आणि जणू कोणी काही बोललंच नाही असं वागायचं. त्याने दार ढकललं.

दार हललं नाही.

खांदा लावला. पाठ लावली. बोटभर फट पडली आणि तीतून नुसता पांढरा बर्फ दिसला, छातीइतका उंच. त्या मुलखात सगळी दारं आत उघडतात. का, ते शेंबडं पोरही सांगेल. पण हे दार नेस्टरने स्वतः बसवलेलं. आत चूल आड येते म्हणून बाहेर उघडणारं केलं. लेसिया तेव्हाच बोलली होती. "उन्हाळ्यात कुठला आलाय बर्फ?" असं त्याने तिला सुनावलं होतं. फावडं घराच्या ओसरीत उभं होतं. लाकडं चार उरलेली.

तो परत बाकावर बसला आणि कान देऊन ऐकू लागला. काय ऐकतोय, ते त्यालाच जरा वेळाने कळलं. ग्रेडरचा आवाज. आयुष्यभर तो आवाज त्याच्या ढुंगणाखाली होता. लांबून, भिंतीच्या आतून, येतोय का येतोय का म्हणून तो कधी ऐकलाच नव्हता. वाऱ्याची प्रत्येक घरघर त्याला इंजिन वाटायची. कितीतरी घरं त्याच्या डोळ्यांपुढे आली, खिडकीला नाक लावून उभी असलेली माणसं, आणि केबिनमधून हसणारा हा. बुर्को कण्हला तसं त्याने चौथं लाकूडही चुलीत सरकवलं.

खिडकीवर टकटक झालं. वाऱ्याने त्या बाजूचा बर्फ झाडून नेला होता. बाहेर लेसिया, डोक्याला दोन रुमाल, मिशीवाल्या शिपायासारखी फावड्याला टेकून. त्याने खिडकीची खालची काच वर सरकवली; बादली जाईल, माणूस नाही, एवढीच ती.

"जिवंत आहेस?"

"आहे."

"कुत्रं?"

"थडथडतंय. लाकडं संपली, लेसिया."

ती मागे वळली, ओसरीतून लाकडं आणली, आणि एकेक खिडकीतून आत दिली. मग रुमालाने नाक दाबून म्हणाली, "आणि दार?"

नेस्टर चुलीत लाकूड सारू लागला.

"नाही, मी सहज विचारते. उन्हाळी दार ना ते?"

"दार मोकळं कर, बये. पाया पडतो."

"डार्लीनला फोन केला होता." डार्लीन म्हणजे नेस्टरच्या जागी आलेली ग्रेडरवाली. "म्हटलं रस्ता कधी उघडतेस. म्हणाली, आधी बसचा, मग दुधाचा, मग आजाऱ्यांचा. म्हणाली, काकांनीच शिकवलंय, धडधाकट म्हातारे शेवटी. परवा येईल."

"परवा!"

"तुला कुठे जायचंय?" लेसिया म्हणाली. पण पुढे तिनेच सांगितलं, "तिच्या कुत्र्याला दोनदा झालंय हे. टोमॅटो ऐकून हसत सुटली. जखमा धुवायचं पेरॉक्साइड, त्यात खायचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचा साबण. आधी पाणी लावायचं नाही. डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. आणि बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, फुटते. सगळं घरातच होतं बघ. गाईच्या खुरासाठी आणलेलं पेरॉक्साइड कपाटात भरून आहे."

"मग आण ना! आणि दार?"

"आधी कुत्रं. वास गेला की दार."

"आणि नाही गेला तर?"

"तर परवा डार्लीन आहेच."

तिने खिडकीतून बादली दिली, बाटल्या दिल्या, सोड्याचा डबा दिला. बुर्को तोवर चुलीपाशी वाळला होता. नेस्टरने मिश्रण केलं, ते फसफसलं, आणि तो गुडघ्यावर बसून केसांच्या मुळापर्यंत चोळत गेला. डोळ्यांभोवती फडक्याने, हळूहळू, ओठांत पुटपुटत. मग चुलीवर वितळवलेल्या बर्फाचं कोमट पाणी. कुत्र्याचं डोकं उचलून त्याने खिडकीशी धरलं.

लेसियाने वाकून वास घेतला. "मानेखाली आहे अजून. पुन्हा."

पुन्हा झालं. या खेपेला तिने कानामागे नाक घातलं, पंजे हुंगले, आणि बुर्कोने तिचा गाल चाटला. ती गाल पुसत सरळ झाली. फावडं उचलून दाराकडे गेली. नेस्टर आतून ऐकत राहिला, खर्रर्र खच्च, खर्रर्र खच्च, आणि मधेमधे तिचं धापा टाकणं. "दमलीस का गं?" त्याने विचारलं. "गप बस. मोजते आहे, तू किती वेळा चुकलास ते," ती म्हणाली.

शेवटी दार किरकिरत माणूसभर उघडलं. उजेड आत आला. समोर बर्फात कापलेली अरुंद गल्ली, थेट घराच्या ओसरीपर्यंत. लेसियाने बुर्कोला जुन्या घोंगडीत गुंडाळलं आणि कडेवर घेतलं. नेस्टर पाठोपाठ निघाला.

तिने वळून त्याच्या छातीशी नाक नेलं. कोट हुंगला, दाढी हुंगली. ज्याने रात्रभर कुत्रं कोटात घेतलं होतं, त्याला स्वतःचा वास कसा कळणार?

"कुत्रा चालेल," लेसिया म्हणाली. "तू नाही."

"अगं, पण..."

"बादलीत उरलंय अजून. कोट चुलीत घाल. स्वच्छ कपडे आणि बटाटा भरलेल्या पिरोही आणते खिडकीशी."

ती बुर्कोला घेऊन गल्लीतून निघाली. खांद्यावरून कुत्र्याचं भुरकट झालेलं तोंड नेस्टरकडे बघत होतं. तो जरा वेळ दारात उभा राहिला. मग थंडी आत येते म्हणून त्याने स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं, शर्ट काढला, आणि बादलीपुढे गुडघ्यावर बसला.