हॉलिसने पाहिलेली धाव

बीचम गावात हॉलिस टिडमोरला मान होता तो एकाच गोष्टीचा: त्याने ती धाव पाहिली होती. बाकी माणूस तसा बेताचाच. जन्मभर खताच्या दुकानात पोती उचलली, बायबलच्या वर्गात डुलक्या काढल्या, आणि बायको व्हर्लीनच्या मते एकही कपाट कधी नीट बंद केलं नाही. पण शनिवारी सकाळी तो डब न्हाव्याच्या दुकानात शिरला की बसलेला माणूस उठून त्याला खुर्ची द्यायचा.

आता गुरुवारपासूनच टीव्हीवर कॉलेजांचे फुटबॉलचे, म्हणजे चेंडू बगलेत मारून पळायच्या अमेरिकन फुटबॉलचे, सामने सुरू होतात. एकच धाव चार बाजूंनी दाखवतात आणि सोमवारी विचारलं तर एकालाही आठवत नाही. त्या काळी कॅलवर्ट कॉलेजचा सामना टीव्हीवर? नाव नको. सगळ्या देशाला मिळून आठवड्याला एखादा सामना दिसायचा, आणि तो कॅलवर्टचा कधीच नसायचा. बीचमला होता रेडिओ. तोही दिवस मावळेपर्यंतच, कारण अंधार पडला की छोट्या स्टेशनांनी आपला आवाज आवरता घ्यावा असा सरकारचा नियम. नोव्हेंबरात दिवस लवकर बुडतो आणि सामना काही त्याच्यासाठी थांबत नाही. मग लोक ट्रक टेकडीवर नेऊन उभे करायचे, काटा फिरवत बसायचे, आणि हाती लागायचं काय, तर शिकागोच्या कुठल्यातरी बाईचं गाणं.

१९५८ साली हॅलोवेलविरुद्ध अगदी असंच झालं. कॅलवर्ट पाच गुणांनी मागे, शेवटचा डाव, चेंडू रॉईस कंबीकडे जाणार. रॉईस म्हणजे बीचमचाच पोरगा. आणि नेमका तेव्हाच सूर्य बुडाला. कॅलवर्ट जिंकलं एवढं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एका ओळीत आलं. पण कसं जिंकलं ते सांगायला गावातला एकच माणूस मैदानावर बघायला गेला होता, तो म्हणजे हॉलिस.

रविवारी चर्च सुटल्यावर त्याने पायरीवर उभं राहून सांगितलं. रॉईस उजवीकडे वळला, तिघांना लोळवलं, चिखलात एक बूट रुतून बसला, तर गडी तसाच एका पायात बूट घालून शेवटची रेघ ओलांडून गेला. म्हाताऱ्या बाया रडल्या. पाद्रीबुवांनी पुढच्या रविवारी त्या बुटावर प्रवचन दिलं.

आता यातली गोम अशी की हॉलिसने हे काही पाहिलंच नव्हतं. चेंडू खेळात येणार एवढ्यात त्याने मान खाली घातली, डोळे गच्च मिटले आणि देवाचा धावा सुरू केला. बाप्टिस्ट घरातलं पोर ते, प्रार्थना उघड्या डोळ्यांनीही चालते हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तर टोप्या हवेत उडत होत्या. "कुठून गेला? कुठून?" असं त्याने शेजारच्याला विचारलं, तर त्या गृहस्थाने याला मिठी मारून गदागदा हलवलं. उरलेलं सगळं हॉलिसने परतीच्या बसमध्ये रचलं. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात म्हणतात, याचे तर पंचेचाळीस वर्षं खपत होते. खुद्द रॉईसला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मी पळत होतो बाबांनो, बघत नव्हतो. हॉलिसला विचारा."

आणि मग गावात सून होऊन आलेल्या नोरीनला त्या सामन्याची फिल्म सापडली. नोरीनचे वडील त्या काळी कॅलवर्टचे मदतनीस प्रशिक्षक. पोरांच्या चुका दाखवायला प्रशिक्षक सामन्याची फिल्म काढून ठेवत, त्यातलीच ही एक, गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडलेली. रविवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं.

हॉलिसचं धाबं दणाणलं. "माझी दाढ दुखतेय," तो म्हणाला.

"तुझी कवळी आहे," व्हर्लीन म्हणाली. "ऊठ, शर्ट बदल. सगळं गाव तुझ्यासाठी जमलंय."

हॉलमध्ये तळलेल्या कोंबडीचा वास भरला होता. हॉलिसला पहिल्या रांगेत रॉईसच्या शेजारी बसवलं. समूहगानवाल्या डेल्बर्टने मशीन सुरू केलं. पडद्यावर करडा चिखल आणि चिखलाचीच माणसं. आकडे कुणाचे ओळखू येत नव्हते, फक्त रॉईसच्या पाठीवरच्या दोन उभ्या रेघा तेवढ्या दिसत होत्या.

रॉईसने चेंडू बगलेत मारला आणि तो डावीकडे वळला. कुणाला लोळवलं नाही, कुणाचा हातही त्याला लागला नाही. दोन्ही पायांत बूट. एवढ्या चिखलात तो इतका हलका, इतका एकटा पळत गेला की हॉलिस श्वास घ्यायचा विसरला. आपण रचलेल्यापेक्षा हे कितीतरी सुंदर होतं. त्याचे डोळे भरून आले.

मागच्या रांगांतले लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"डेल्बर्ट," मागून ओलेटाबाईंचा आवाज आला, "फिल्म उलटी लावलीस रे मेल्या!"

"उलटी?"

"मग काय! आरशातल्यासारखं उजव्याचं डावं झालंय. डावीकडे पळतोय तो."

"खरंच की," पाद्रीबुवा म्हणाले. "अकराचा आकडा काय, उलटासुलटा सारखाच."

"आणि बूट?" कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"चिखलाचा गोळा आहे तो. डोळे तपासून घे," डबने त्याला गप्प केलं.

सगळ्यांनी रॉईसकडे पाहिलं. रॉईसने जरा डोकं खाजवलं. "मी उजवीकडेच पळालो," तो ठामपणे म्हणाला. "बूटही गेलाच होता. हॉलिस काय खोटं सांगेल?"

टाळ्या पडल्या. हॉलिस वाचला. सुटका झाली म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण त्याची नजर पडद्यावरून हलेना. डेल्बर्ट रीळ काढायला वाकला. नोरीनने दिवे लावले. लोक केळ्याच्या पुडिंगकडे वळले.

"थांब डेल्बर्ट," हॉलिस उठून उभा राहिला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "एकदा परत लाव. उलटी तर उलटी. फक्त ती धाव."

रॉईसने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला प्रेमाने खाली बसवलं.

"तुला कशाला रे, लेका?" तो म्हणाला. "तू तर पाहिली आहेस." आणि डेल्बर्टने मशीनची वायर काढली.