दोनशे बारा कप्पे

गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या त्या तीन मजली कारखान्यात बूटमावशीला चुकवून आत जाण्याची कुणाची टाप नव्हती. पुढच्या दाराशी तिची खोली. बाहेरचे बूट तिथे काढायचे, आतले पांढरे जोडे घालायचे. कप्पे दोनशे बारा, आणि कुठला कोणाचा हे तिला तोंडपाठ. तिसऱ्या मजल्यावर तिची सून कामाला होती, पण चिखलाचे बूट आणले तर मावशी तिलाही दारातून परत पाठवायची.

एकदा आग लागली तर बाहेर कसं पडायचं हे ठरवायला एक इंजिनिअर बाई आली. तिने संगणकाच्या पडद्यावर अख्खा कारखाना उभा केला आणि त्यात माणसांच्या नावाने दोनशे बारा ठिपके सोडले. घंटा वाजली की निम्मे ठिपके पुढच्या जिन्याने, निम्मे मागच्या. चार मिनिटांत इमारत रिकामी. मॅनेजर खूश झाला. फक्त सही बाकी होती.

मावशी फडकं घेऊन दारात उभी राहून बघत होती. "हे मागच्या जिन्याने का चाललेत?"

"त्यांना तो जवळ आहे ना," बाई म्हणाली.

"असेल. पण त्यांचे बूट पुढे माझ्याकडे आहेत."

मॅनेजर हसला. "आग लागल्यावर बूट कोण बघतं, मावशी?"

"सगळे. माझी सून तर आधी. परवाच नवे घेतलेत."

इंजिनिअर मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कुणाला न सांगता घंटा वाजवली. मागचा जिना ओस पडला आणि सगळा कारखाना मावशीच्या खोलीत घुसायला बघू लागला. अकरा मिनिटं लागली. सून जिन्यातच अडकली होती. आपलंच खरं झालं म्हणून मावशीला जराही बरं वाटलं नाही.

"मी एकेकाला दम देतो," मॅनेजर म्हणाला.

"ओले बूट कप्प्यात ठेवू नका, असा दम मी वीस वर्षं देतेय. ठेवतातच. माणसं राहू द्या, कप्पे हलवा."

मग बाईने ठिपक्यांना बूट शोधायला शिकवलं. कप्पे दोन्ही जिन्यांसमोर, अंगणाच्या पार टोकाला गेले. पांढरे जोडे मळू नयेत म्हणून तिथून दारापर्यंत फरशी आणि वर छप्पर. फरशी पुसताना मावशी कुरकुरायची, पण पुसायची चकचकीत.

त्या थंडीत, भर दुपारी, पाकिटं चिकटवायच्या यंत्राने पेट घेतला. मावशी तेव्हा पुढच्या दाराची फरशी पुसत होती. घंटा झाली आणि माणसं दोन्ही जिन्यांनी आपापल्या बुटांकडे सुटली. आगीचा बंब आला. बंबवाल्यांच्या प्रमुखाने विचारलं, "आत कोण राहिलंय?" मॅनेजरची हजेरीची वही आतच होती.

मावशी कप्प्यांकडे धावली. बूट नेलेले असले की माणूस बाहेर. मागचे सगळे रिकामे. पुढचे रिकामे, रिकामे, रिकामे... आणि खालच्या ओळीत एक तपकिरी जोड. तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोनशे बारा जोड ओळखणाऱ्या तिला हा एक काही केल्या ओळखू येईना.

"एक आत आहे!" ती ओरडली.

बंबवाले दोघं दाराकडे निघाले, तेवढ्यात गर्दीतून नव्या बुटांची टकटक आली. सुनेने तिचा दंड धरला.

"आई, आधी स्वतःच्या पायांकडे बघा."

मावशीच्या पायांत आतले पांढरे जोडे होते. ती मटकन खाली बसली, एकाच वेळी हसली आणि रडली. मग डोळे पुसून प्रमुखाकडे वळली.

"आत कुणी नाही," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं.