लॅपटॉपचं कपाळ

म्हैसूरच्या शिवनंजप्पांचा जन्म वीजमंडळात गेला. त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं, तरी दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडकच होता. विजयादशमीच्या सकाळी मात्र लॅपटॉपनं त्यांना रडकुंडीला आणलं. डब्लिनहून लेकीचा आवाज खणखणीत येत होता, "अप्पा, मला नुसता अंधार दिसतोय!"

शिवनंजप्पांनी लॅपटॉप बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. राउटरच्या वायरी उपसून परत खोचल्या, सगळं चालू करून लेकीला पुन्हा व्हिडिओ कॉल लावला; तिला तरी अंधारच. "कसलं हे भिकार यंत्र! आमचा ट्रान्सफॉर्मर बरा, बिघडला तर निदान धूर तरी काढायचा!" आणि बायकोवर खेकसले, "पेचकस आण आधी!"

गिरिजम्मा पेचकस घेऊन आल्या आणि लॅपटॉपकडे बघतच राहिल्या. "अहो, काल नवमीच्या आयुधपूजेला याला गंध कुठं लावलंत?"

"कुठं म्हणजे? उघडून वर, मधोमध. गंध कपाळालाच लावतात ना?"

"तिथं त्याचा कॅमेरा असतो!" त्यांनी वाळलेलं गंध-कुंकू नखानं खरवडलं, पदरानं पुसलं. पडद्यावर शिवनंजप्पांचा घामेजलेला चेहरा उगवला.

"दिसलात, दिसलात!" लेक ओरडली. "काय झालं होतं, अप्पा?"

"जुनं झालंय ते," शिवनंजप्पा गुरगुरले. "नवीन पाठव."

"पाठव गं," गिरिजम्मा मागून म्हणाल्या, "पण बिनकपाळाचं पाठव."