बाळंतिणीच्या खोलीबाहेरचा बॉयलर

माझी नात दिवस भरायच्या आतच जन्मली. बारामतीच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "खोली उबदार ठेवा. धूर मात्र अजिबात नको." झालं! म्हणजे शेगडी बाद. हीटर लावावा, तर आमच्या लोणी भापकरला विजेचा काय भरवसा? पोरीची पावलं माझ्या अंगठ्याएवढी. ती गार तर पडली नाहीत ना? दिवसभर मी दुपट्यात हात घालून तेच चाचपायची.

आमच्या ह्यांनी डोकं चालवलं. वेल्डरकडून जाड पत्र्याची टाकी करून घेतली, खाली लाकडं घालायला दार. ती खोलीच्या मागच्या भिंतीबाहेर बसवली आणि गरम पाण्याचा लोखंडी पाइप खोलीतून फिरवून परत टाकीत आणला. टाकीच्या डोक्यावर एक उघडी नळी. तिच्यातूनच पाणी भरायचं, तिच्यातूनच वाफ जायची. आग बाहेर, ऊब आत. ऐकायला सोपं, पण त्या धुडानं जीव खाल्ला नुसता! उसाचं पाचट घातलं की भडका उडायचा आणि पोरगी घामेजायची. विझत आलं की पाय गार. शेवटी वाळलेली बाभळ घालायची आणि दार बोटभरच उघडं ठेवायचं, हे जमलं. मग कुठं मला घास गोड लागला.

माझे सासरे, म्हणजे आबा, ठिबकवर ऊस काढण्यात मुरलेला माणूस. गळकी नळी दिसली की त्यांना चैन पडत नाही. खिशात रबरी ट्यूबची पट्टी कायम. टाकीवरची ती उघडी नळी तापली की थेंब टाकायची. एका दुपारी, आग मंद असताना, त्यांनी तिच्यात लाकडाची खुंटी ठोकली आणि वरून ट्यूबची पट्टी करकचून आवळली. कुणाला बोललेही नाहीत. गळती थांबवली, त्यात काय सांगायचं?

ऊन उतरायला लागलं तशी मी खालच्या दारातून बाभळीची लाकडं सारली आणि आत आले. थोड्या वेळानं खोलीतला पाइप ठणठण वाजायला लागला. लेक दचकून उठली. "आई, भिंत हलतीय गं!" मी मागं धावले. टाकी गुरगुरत होती आणि वाफ कुठंच दिसत नव्हती. वर पाहिलं तर नळीच्या तोंडावर ती काळी पट्टी. वाफेला वाटच राहिली नव्हती. भिंतीच्या पलीकडं, हातभर अंतरावर, पोरगी झोपलेली.

आत कशी गेले, आठवत नाही. ह्यांना हाक मारली एवढं खरं. पोरीला छातीशी धरलं, लेकीला दंडाला धरून ओढलं आणि पार गोठ्यापाशी नेलं. हे मात्र आकड्यानं जळती लाकडं बाहेर ओढत बसलेले.

"अहो, मरू द्या ते! या की इकडं!" मी बोंबलत होते.

आबा अंगणात मधेच उभे. "मी फकस्त गळती बंद केली..."

"गळती कसली, आबा! पोरीचा जीव घेतला असता तुमी!" सासऱ्यांना मी असं कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात खुंटी उडाली. बंदुकीचा बार निघावा तसा आवाज, वाफेचा लोट, आणि हे मागच्या मागं पडले. उठले तेव्हा राखेनं माखलेले, पण धड. मी रडायलाच लागले. मग हात दुपट्यात गेला. पाय गार पडले होते. थंडीच्या वाऱ्यात उघड्यावर घेऊन उभी होते की मी तिला!

खोलीही निवत चालली होती. वीज गेलेली. दुसरा इलाज काय? ज्या टाकीपासून पळालो, तिच्याचखाली पुन्हा आग करायची. ह्यांनी तार घालून नळी मोकळी असल्याची खात्री केली, पाणी भरलं आणि तीच लाकडं परत आत सारली. मी पोरीला घेऊन त्याच भिंतीशी बसले, कान पाइपाकडं.

आबा उंबऱ्याबाहेर बसून राहिले. एरवी पणती दिसली की हात पुढं करणारा माणूस, आत येईना. माझा राग गेला नव्हता, पण ते तोंड बघवेना. खोलीत ऊब आली तशी मी पोरीला नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"पाय बघा, गार हायत का."

त्यांनी दोन्ही पाय मुठीत धरले. बराच वेळ सोडलेच नाहीत.

"गरम लागत्यात," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळूच, "तू बी बघ गं एकदा. माझ्या हाताचा भरवसा न्हाय."