चुलतभावाच्या माश्या

भर फुलोऱ्यात मी माझ्या सूर्यफुलातल्या मधमाश्या धूर करून हाकलल्या. एक दिवस नाही, चांगले आठ दिवस.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मोहोळ होतं धाकट्या चुलतभावाच्या कडुलिंबावर. पेडगावच्या शिवारात आमची रानं धुऱ्याला धुरा लागून. त्याचे बैल माझ्याहून देखणे, त्याच्या विहिरीला माझ्याआधी पाणी लागलेलं, आणि आता त्याच्या झाडावरच्या माश्या माझ्या फुलांतला गोडवा उचलून त्याच्याच लिंबावर नेऊन ठेवायच्या! मोहोळ झाडलं की मध चाटणार तो. हे काही मला बघवेना.

मग रोज सकाळी घमेल्यात गोवऱ्या पेटवायच्या, वर लिंबाचा ओला पाला टाकायचा आणि तासातासानं फिरायचं. डोळे माझेच चुरचुरायचे, पण माश्या पळायच्या. बायको म्हणाली, "त्या काय तुमचं खायल्यात?" मी म्हणालो, "तुला भावकी कळत न्हाई."

पलीकडे तो तळहाताला मलमलचं फडकं बांधून एकेका फुलावरून हळूच हात फिरवायचा. मी बायकोला दाखवलं, "बघ, येडं फुलाचं तोंड पुसायलंय."

पुढे त्याच्या फुलांनी माना टाकल्या. माझी मात्र ताठ उभी. पीक वाळलं बिचाऱ्याचं, म्हणून मी दोन दिवस खुशीत होतो. कापणी झाल्यावर कळलं, त्याच्या माना दाण्याच्या वजनानं वाकल्या होत्या. माझ्या फुलाचं बोंड दाबलं की फसकन आत जायचं. निम्म्याहून जास्त दाणे पोचट.

तो खळ्यावर आला, एक दाणा दातात फोडून बघितला. "दादा, फूल काय माशीला फुकट चारतंय व्हय? ती गोडासाठी येती, अंगाला पिवळी भुकटी लागती, ती पुढच्या फुलावर झडती, तवा दाणा भरतो. रेडिओवर सांगितलं व्हतं, माश्या कमी असल्या तर फडक्यानं भुकटी फिरवा. मला फडक्याची गरजच पडली न्हाई नंतर. तुझ्याकडच्या बी सगळ्या माझ्याकडंच आल्या की!"

वर मोहोळातला मध वाटीभर देऊन गेला. तो गोड होता, याचाही मला राग आला.

बायको उपणायला उभी राहिली. सुपातले दाणे भुसकटाबरोबरच उडायला लागले. तिनं सूप खाली ठेवलं.

"पुढल्या साली बी धूर करणार असताल तर आत्ताच सांगा. मी सूप घेऊन त्यांच्याच खळ्यावर जाते."