हात पुढे कर बघू

माझ्या मामेसासऱ्यांइतका घाबरट डॉक्टर अख्ख्या दिल्लीत झाला नसेल, आणि एक अख्खी कंपनी मात्र त्यांच्या धीरगंभीर चेहऱ्यावर चालली होती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर मामा गुडगावात आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायला आले. समोरच्या मोहरीच्या शेतात तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एकीत एका उत्साही तरुणाने दारू सोडवण्याची कंपनी काढली होती. अठ्ठावीस दिवसांचा प्रोग्रॅम, एसी खोल्या, आणि रोगी बहुतेक शेजारच्या मानेसरच्या कारखान्यांनी पाठवलेले. त्याला एक वैद्यकीय तज्ज्ञ हवा होता, शक्यतो पांढऱ्या केसांचा. माहितीपत्रकावर मामांचा फोटो छापून आला, खाली 'चाळीस वर्षांचा अनुभव'. ते वाचून मामा म्हणाले, "अनुभव कसला, चाळीस वर्षं साठवलेली भीती आहे ती."

ही भीती ते जातील तिथे बरोबर नेत. दारू एकदम थांबली की पहिल्या तीन-चार दिवसांत कुणाला फिट येते, कुणाला नसलेली माणसं दिसतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून नव्या रोग्याच्या खाटेला खुर्ची चिकटवून ते बसत आणि तो गाढ झोपला की काळजीने त्याला उठवून 'झोप लागतेय ना?' असं विचारत. नातेवाइकांकडे जेवायला गेले की खोकल्याच्या औषधाची बाटली उजेडात धरून किती उरलंय ते पाहत, कुणी नशेसाठी तर पीत नाही ना. आणि समोर येईल त्याला पहिलं वाक्य ठरलेलं, "हात पुढे कर बघू." बोटं फाकवून हात धरायचे, आणि मामा चष्मा कपाळावर चढवून त्यांतली थरथर शोधणार. दूधवाला सुटला नाही, गॅसवाला सुटला नाही. माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी हात पुढे करायला लावले. मुलाच्या आईला वाटलं, मामांना हात बघता येतो. तिने कौतुकाने आपलाही हात पुढे केला आणि परदेशप्रवास आहे का, असं विचारलं.

आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच मोठ्याने हसायचे, कारण माझ्या घरात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. माझा नवरा शेखर, म्हणजे मामांचा सख्खा भाचा, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. दोन वर्षं मी सगळ्यांना 'त्याला ॲसिडिटीचा त्रास आहे' असं सांगत होते. मामा जिन्यात दिसले की शेखर हात खिशात घाली.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि तीर्थ द्यायचा मान मामांचा. तीर्थ घेताना हात खिशात ठेवता येत नाही, हे आम्हा दोघांच्या लक्षातच आलं नव्हतं. शेखरने ओंजळ पुढे केली आणि पळीभर तीर्थ त्याच्या तळहातात ठरेना. मामांनी दुसरी पळी घातली. तीही सांडली. मग त्यांनी बाकीच्यांना शांतपणे तीर्थ दिलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला एवढंच विचारलं, "कधीपासून?" मला रडू कोसळलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

अठ्ठावीस दिवस शेखर मामांच्या कंपनीत राहिला. कारखान्याची अट होती की प्रमाणपत्र आणलं तरच नोकरी. कंपनीचा छापील फॉर्म तयारच होता, 'पूर्णपणे व्यसनमुक्त', खाली डॉक्टरांची सही. मामांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'आजच्या तारखेला प्यालेला नाही.'

कंपनीच्या मालकाने डोक्याला हात लावला. पुढे त्याने माहितीपत्रकावर दुसरे पांढरे केस छापले, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी त्याच्यापेक्षा मीच जास्त भडकले. परक्यांचं ठीक आहे, हा तुमचा भाचा आहे, नोकरी गेली तर हा पुन्हा बाटलीच जवळ करेल, असं वाटेल ते बोलले. मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अगं, मी 'बरा झाला' असं लिहिलं, तर सगळ्यांत आधी त्याचाच विश्वास बसेल. मग बऱ्या झालेल्या माणसाने एक घोट घेतला तर बिघडलं कुठे?"

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी शेअर ऑटोने मानेसरला गेलो. ऑटोत बसण्याआधी ड्रायव्हरचे हात तपासून झाले. कारखान्यातल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "डॉक्टरसाब, और कल का क्या?"

मामांचा आवाज कापत होता. "कल का कल लिखूँगा. रोज़ लिखूँगा, जी."

साहेब हसले, आणि काय वाटलं कोण जाणे, तीन महिने बघू म्हणाले. मामांनी मात्र बोललेलं अक्षरशः पाळलं. रोज सकाळी कारखान्याची बस येण्याआधी ते माकडटोपी घालून इमारतीखालच्या स्टॉपवर हजर. शेखरचे हात बघायचे, कारखान्यात दाखवायच्या कार्डावर तारीख घालून सही करायची. पंधरवड्यात बाकीचे कामगारही "हमारा भी देख लो, डॉक्टरसाब" म्हणत रांगेत उभे राहू लागले. मी वर गॅलरीत. मामांनी पेन काढलं की मगच मी चहाचं आधण ठेवी. एका धुक्याच्या सकाळी त्यांनी पेन काढलं, कार्डावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. मी कठड्यावरून पुढे वाकले. मग दिसलं की मामा पेन तळहातांत चोळून गरम करताहेत. थंडीने ते उमटत नव्हतं.

तीन महिन्यांनी कारखान्याने कार्ड मागायचं सोडलं. मामांनी सही करायचं सोडलं नाही.

त्यांच्या शेवटच्या गणपतीला थरथर मामांच्याच हातांत आली होती. पळी पंचपात्रावर वाजत होती, अर्धं तीर्थ पाटावर गेलं. शेखरचा तळहात खाली स्थिर होता. मामांनी चष्मा कपाळावर चढवून तो निरखला. इतक्या वर्षांनी तरी 'बरा झाला' म्हणतील अशी मला फार आशा होती.

"आज ठीक आहे," मामा म्हणाले.

आता तीर्थ मी देते. शेखर हात पुढे करतो, आणि पळी कलती करण्याआधी मी क्षणभर थांबते. तोही हात तसाच धरून थांबतो.